लेक्सिंग्टनचं कासव: आपल्या मुलांच्या रोबोटिक्स क्लासची मूळ गोष्ट



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

शाळा सुरू व्हायचे दिवस आले की आपल्या पालकांच्या ग्रुप्सवर ठरलेले प्रश्न येतात. "रोबोटिक्सला कितव्या वर्षी घालावं?" "स्क्रॅच आधी की थेट पायथन?" "लेगो लीगच्या टीममध्ये एखादी जागा आहे का?" आणि मग जरा हळू आवाजात, "कॉलेजच्या अर्जाला याचा उपयोग होतो ना?" उत्तरंही ठरलेली असतात. अमुक क्लास, तमुक फी, शनिवारी दहा ते बारा.

मी पेशाने सीए. खर्चाची नोंद दिसली की आधी मूळ व्हाउचर शोधायचं, ही आमच्या धंद्याची सवय. हा खर्च मुळात कशासाठी मंजूर झाला होता? मुलांना कॉम्प्युटर आणि रोबो शिकवण्याच्या या सगळ्या उद्योगाचं मूळ व्हाउचर शोधत मागे गेलं, की आपण सीमोर पॅपर्ट नावाच्या एका शिक्षकापाशी पोचतो. आपली मुलं ज्या किटांशी खेळतात, ज्या स्पर्धांना जातात, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची मुळं त्यांच्या कामात आहेत. पण त्यांनी हे सगळं ज्या कारणासाठी सुरू केलं, ते कारण क्लासच्या माहितीपत्रकात सहसा दिसत नाही. म्हणून ही गोष्ट.

गिअरवर जीव जडलेला मुलगा

पॅपर्ट यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९२८चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा. वडील कीटकशास्त्रज्ञ, त्से-त्से माशीचा अभ्यास करणारे. त्यामुळे लहानपणी बरीच भटकंती, आणि भटकंती म्हणजे मोटारगाडी. दोन वर्षांचे होण्याआधीच या मुलाला गाडीच्या भागांची नावं येत होती. पुढे गिअरवर त्याचा जीव जडला. एक चाक फिरलं की दुसरं किती फिरेल, हे तो मनातल्या मनात फिरवून बघायचा. शाळेत पाढे आले, तेव्हा त्याने ते गिअर म्हणून पाहिले. दोन अज्ञातांची समीकरणं आली, तेव्हाही डोळ्यांसमोर दातेरी चाकंच होती. पुढे हा मुलगा गणितज्ञ झाला.

आता इथे आपल्यासारखे पालक काय करतील? तडक गिअरचा संच मागवतील! पॅपर्ट यांनी नेमका याच गोष्टीबद्दल इशारा दिला होता. त्यांचं म्हणणं असं, की मला गणित आलं ते गिअर होते म्हणून नाही, माझं गिअरवर प्रेम होतं म्हणून. दुसऱ्या मुलाला तोच संच दिला तर कदाचित काहीच होणार नाही. प्रत्येक मुलाचा गिअर वेगळा. कोणाचा क्रिकेट, कोणाचा तबला, कोणाचे डायनासोर. मग असं एखादं यंत्र असेल का, जे प्रत्येक मुलाला हवं ते रूप घेईल? त्यांच्या मते ते यंत्र म्हणजे कॉम्प्युटर. एका बहुरूप्यासारखं.

तरुणपणी ते वर्णभेदाच्या विरोधात उभे राहिले. जोहान्सबर्गला गणितात पीएचडी, मग देश सोडून इंग्लंडमध्ये केंब्रिजला दुसरी पीएचडी, मग जिनिव्हाला ज्याँ पियाजे यांच्याकडे काही वर्षं काम, आणि साठच्या दशकात अमेरिकेत एमआयटी. म्हणजे तेही आपल्यासारखेच, मुलुख सोडून आलेले.

पियाजे हे नाव आपल्यापैकी ज्यांच्या घरात कोणी बीएड-डीएड झालंय त्यांना माहीत असेलच. मूल हे रिकामं भांडं नसतं, ते स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, हा त्यांचा विचार. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये 'ज्ञानरचनावाद' म्हणून जी चळवळ झाली, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, तिच्याही मुळाशी हाच विचार आहे. पॅपर्ट यांनी त्यात एक पदर जोडला. मूल ज्ञान मनात रचतंच, पण ते हाताने एखादी खरी वस्तू बनवत असेल, चार जणांना दाखवता येईल अशी, तेव्हा ही रचना सगळ्यात पक्की होते. किल्ला असो, गोष्ट असो, नाही तर प्रोग्राम असो.

१९६७: मुलांसाठी एक भाषा

एमआयटीत पॅपर्ट आणि मार्विन मिन्स्की यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा चालवली. आज ज्या एआयच्या नावाने आपण सगळे धसका घेऊन बसलोय, त्या क्षेत्राच्या पहिल्या फळीतला हा माणूस. यंत्राला विचार कसा करायला शिकवायचं, यावर काम करता करता त्यांनी प्रश्न उलटा केला. मुलालाच यंत्र शिकवायला दिलं तर? दुसऱ्याला शिकवताना आपण स्वतः किती शिकतो, हे शिकवण्या घेतलेल्या कोणालाही माहीत आहे.

१९६७मध्ये बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीत वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन, डॅनियल बॉब्रो आणि पॅपर्ट यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. नाव आलं 'शब्द' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्या वेळी कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र आणि डोळे पांढरे करणारी किंमत. मुलांच्या हातात ते द्यायचं म्हणजे लोकांना वेडेपणा वाटे.

सिंथिया सॉलोमन यांचं नाव मुद्दाम लक्षात ठेवा, कारण ते बऱ्याचदा गाळलं जातं. त्या एमआयटीत मिन्स्की यांच्या सेक्रेटरी म्हणून लागल्या होत्या. तिथेच प्रोग्रामिंग शिकल्या, लोगोच्या निर्मात्यांपैकी एक झाल्या आणि मुलांच्या वर्गात उभं राहून ती शिकवूही लागल्या.

१९६८-६९चं शालेय वर्ष. गाव लेक्सिंग्टन, मॅसॅच्युसेट्स. हो, तेच. बॉस्टनकडच्या मंडळींना माहीत आहे, आज तिथे आपली किती कुटुंबं आहेत ते. तिथल्या मझी ज्युनियर हायस्कूलमध्ये सातवीच्या मुलांच्या एका छोट्या गटाला पॅपर्ट आणि सॉलोमन यांनी वर्षभर नेहमीच्या गणिताऐवजी लोगो शिकवली. शाळेत पडदेसुद्धा नव्हते. टाइपरायटरसारखी यंत्रं होती, ती फोनच्या तारेने कंपनीतल्या कॉम्प्युटरला जोडलेली, आणि उत्तर कागदावर खडखडत छापून यायचं. ती शाळा पुढे बंद झाली, आता त्या इमारतीत घरं आहेत.

त्याच शाळेत पॅपर्ट यांना एक दृश्य दिसलं. गणिताच्या वर्गाकडे जाताना वाटेत चित्रकलेचा वर्ग लागायचा. मुलं साबणाच्या वड्या कोरून मूर्ती करत होती. तो उद्योग कितीतरी दिवस चालला. प्रत्येकाच्या मनातली मूर्ती वेगळी. कोणी मधेच थांबून विचार करतंय, कोणी शेजाऱ्याची बघतंय, कोणी मोडून पुन्हा सुरू करतंय. आणि गणिताच्या वर्गात? दहा मिनिटांत गणित सोडवा, बरोबर की चूक, पुढचं घ्या. त्यांना वाटलं, गणितही साबणाच्या मूर्तीसारखं का असू नये? पुढची सगळी कारकीर्द या एका प्रश्नाच्या मागे गेली, असं म्हटलं तरी चालेल.

कासव आणि त्रिकोण

१९७०च्या सुमारास रोबो आला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने १९४८-४९मध्ये आपणहून फिरणारी यांत्रिक कासवं केली होती, त्यावरून याचंही नाव 'कासव'. जमिनीवर सरकणारा, घुमटाच्या आकाराचा, लांब वायरने कॉम्प्युटरला बांधलेला रोबो. पोटात पेन. पुढे जा म्हटलं की पुढे जायचा, वळ म्हटलं की वळायचा, आणि मागे रेघ उमटायची. पुढे स्वस्त पडदे आले तेव्हा हेच कासव पडद्यावरचा छोटा त्रिकोण झालं.

यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून एक गणित तुमच्यासमोर ठेवते. आज रात्री मुलांबरोबर करून बघा.

कासवाला चौकोन काढायला सांगायचाय. शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असं चार वेळा. जमलं. आता समभुज त्रिकोण. मूल म्हणतं, सोपं आहे, पुस्तकात दिलंय, समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा. म्हणून शंभर पुढे, साठ उजवीकडे, तीन वेळा. आणि कासव भलतीकडेच जातं! त्रिकोण मिटतच नाही. अर्ध्या षटकोनासारखं काहीतरी उघडं राहतं.

इथे नेहमीच्या वर्गात लाल फुली पडते आणि विषय संपतो. पॅपर्ट यांच्या वर्गात विषय इथे सुरू व्हायचा. ते मुलाला सांगायचे, उठ, तूच कासव हो. चाल. मग मूल जमिनीवर चालतं, कोपऱ्यावर येतं आणि स्वतःच्या अंगाने त्याला कळतं, की आपण आतला साठचा कोन वळत नाही. आपण सरळ जाण्याच्या दिशेपासून वळतो, आणि ते वळण एकशेवीसचं आहे. मग आणखी एक गोष्ट उमगते. कुठलाही असा बंद आकार चालून पुन्हा मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून उभं राहिलं, की एकूण वळण ३६० अंश. चौकोनाला चार वळणं, म्हणून नव्वद. त्रिकोणाला तीन, म्हणून एकशेवीस. आणि मघाशी चुकलेल्या साठला तीनऐवजी सहा वेळा चालवलं तर सुरेख षटकोन! एक पाऊल आणि एक अंश, असं ३६० वेळा केलं तर जवळजवळ वर्तुळ.

चुकीतून षटकोन सापडला. मंडळी, मला वाटतं मुलांना रोबो देण्यामागचं मूळ कारण हेच आहे. प्रोग्राम पहिल्या फटक्यात कोणाचाच चालत नाही, अगदी मोठ्यांचाही नाही. तिथे 'बरोबर की चूक' हा प्रश्नच नसतो. कुठे अडलं, आणि कसं दुरुस्त करायचं, एवढंच असतं. याला डीबगिंग म्हणतात.

आमच्या पेशात हे रोजचं आहे. ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर कोणी रडत बसत नाही. फरकाचा आकडा बघायचा. त्याला नऊने भाग जातो? मग बहुधा कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली आहे, ४५च्या जागी ५४ पडले आहेत. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडते? मग ती बहुधा नावेऐवजी जमेला पडली आहे. म्हणजे चूकच स्वतःचा पत्ता सांगते. आर्टिकलशिपला आलेली मुलं हुशार असतात, पण त्यांना आधी हेच शिकावं लागतं, कारण शाळा-कॉलेजात त्यांना चूक लपवायची सवय लागलेली असते. आणि आपल्यासारख्या, मार्कांवर मोठ्या झालेल्या पिढीच्या घरात ती सवय लवकर लागते, हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको.

नाम, क्रियापद आणि आपलं 'तो-ती-ते'

पॅपर्ट यांच्या १९८०च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात जेनी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीची हकीकत आहे. अभ्यासात बेताची, व्याकरण कशाला शिकायचं ते कळत नसे. तिला कॉम्प्युटरकडून आपोआप वाक्यं करून घ्यायची होती. शब्दांची यादी दिली, कॉम्प्युटरने वाटेल तसे शब्द जोडले. सगळं निरर्थक. मग तिच्या लक्षात आलं, शब्द वेगवेगळ्या खणांत ठेवायला हवेत. वस्तूंचे इथे, क्रियांचे तिथे. आणि एक दिवस ती उत्साहाने सांगत आली, की नाम आणि क्रियापद कशासाठी असतात ते आता कळलं! पुढे तिचे शाळेतले मार्कही सुधारले.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात आपला शनिवार-रविवारचा मराठी वर्ग आला. जेनीचा तोच प्रोग्राम मराठीत केला तर? दोन खण पुरणार नाहीत. 'पोपट नाचला', 'चिमणी नाचली', 'मांजर नाचलं'. नामांचेच तीन खण लागतील, आणि प्रत्येक खणाला क्रियापदाचं वेगळं शेपूट. इथे वाढलेल्या मुलांना जे 'तो-ती-ते' आपण वर्षानुवर्षं दुरुस्त करत बसतो, "मांजर आला नाही रे, आलं", ते मूल स्वतः कॉम्प्युटरला शिकवायला बसलं तर? दहा वेळा टोकून जे होत नाही ते कदाचित होईल, कारण आता चूक त्याची नाही, यंत्राची. आणि मास्तर तो.

याची सोय आजही आहे. लोगोचा मोठा गुण हा, की कासवाला नवा शब्द शिकवता येतो. चौकोन कसा काढायचा ते एकदा सांगायचं, त्याला नाव द्यायचं, मग ते नाव म्हटलं की चौकोन. नाव कुठलं द्यायचं ते मुलाच्या हातात. स्क्रॅचमध्ये 'माय ब्लॉक्स' नावाचा भाग आहे, त्यातही हेच करता येतं, आणि नाव देवनागरीत लिहिता येतं. 'पतंग', 'रांगोळी', 'आजीचं घर'. चौकोनावर त्रिकोण ठेवला की घर होतंच.

भाषेचा संबंध मी ओढूनताणून आणत नाहीये. पॅपर्ट यांची मूळ कल्पनाच भाषेवरून आलेली. ते म्हणायचे, अमेरिकेत शाळेत फ्रेंच शिकणारी मुलं वर्षानुवर्षं धडपडतात, आणि फ्रान्समध्ये राहणारं प्रत्येक मूल फ्रेंच बोलतं. मग दोष मुलाच्या डोक्यात कसा? त्याला तो देश मिळालेला नाही, एवढंच. गणिताचाही असाच देश उभा करता आला, तर मुलं तिथली भाषा बोलू लागतील. परदेशात मराठी टिकवू बघणाऱ्या आपल्याइतकं हे कोणाला पटेल?

जाता जाता आणखी एक नाव. सत्तरच्या दशकात एमआयटीच्या लोगो प्रयोगशाळेत रेडिया पर्लमन या विद्यार्थिनीने वाचता न येणाऱ्या, साडेतीन-चार वर्षांच्या मुलांनाही कासव चालवता यावं म्हणून बटणांची आणि कार्डांची यंत्रं केली. पण लहान मुलांबरोबर काम केलं तर बाई म्हणून आपल्याला कोणी गांभीर्याने घेणार नाही, या भीतीने तिने ते काम सोडलं. पुढे तिने कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये असं काम केलं की आजचं इंटरनेट त्याच्यावर उभं आहे. कारकीर्द झोकात झाली, प्रश्नच नाही. पण ज्या कारणाने वाट बदलली, ते कारण मुलींच्या आयांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता खर्चाची बाजू

हिशोब म्हटला की दोन्ही बाजू मांडायला हव्यात. ऐंशीच्या दशकात घरगुती कॉम्प्युटर आले आणि लोगो अमेरिका-युरोपातल्या असंख्य शाळांत शिरली. बऱ्याच ठिकाणी झालं काय, तर आठवड्यातून एक तास कॉम्प्युटर लॅब, शिक्षकांना जुजबी प्रशिक्षण, आणि फळ्यावर लिहिलेला प्रोग्राम उतरवून घ्या. साबणाच्या मूर्तीचं पुन्हा 'गणित सोडवा' झालं.

१९८४मध्ये न्यू यॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधले रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तपासून पाहिलं, की वर्षभर लोगो केलेली मुलं इतर कामांचं नियोजनही चांगलं करतात का. वर्गातली कामं कमीत कमी फेऱ्यांत कशी उरकाल, असा त्यांचा प्रश्न होता. लोगो केलेली मुलं इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. पॅपर्ट यांचं उत्तर असं, की लोगोचा परिणाम काय, हे विचारणं म्हणजे लाकडाने घर चांगलं होतं का, असं विचारण्यासारखं आहे. लाकडाचं काय करता, कोण करतं, त्यावर ते ठरतं. उत्तर चांगलं आहे. पण ऑडिटर म्हणून मी दोन्ही कागद फायलीत ठेवीन. नुसतं कोडिंग शिकल्याने मूल आपोआप हुशार होतं, हा दावा तेव्हाही सिद्ध झाला नव्हता. आज क्लासवाले करतात तेव्हाही तो आपण तसाच मान्य करू नये.

याच काळात एमआयटी आणि लेगो कंपनी एकत्र आल्या. कासवाची वायर तुटली, आणि मुलांनी स्वतः जोडलेल्या लेगोच्या गाड्या, झुले, कारखाने प्रोग्रामने हलायला लागले. १९९८मध्ये लेगोचं 'माइंडस्टॉर्म्स' किट बाजारात आलं. नाव थेट पॅपर्ट यांच्या पुस्तकावरून. त्याच सुमारास फर्स्ट लेगो लीग सुरू झाली. २०२२च्या अखेरीस लेगोने माइंडस्टॉर्म्स बंद केलं, पण लीग चालू आहे. त्या लीगबद्दल एक गोष्ट सांगते. गुण चार भागांत मोजतात, आणि टेबलावरची रोबोची शर्यत हा त्यातला फक्त एक भाग. बाकीच्यात रोबो असा का बनवला, काय बदललं, टीम म्हणून कसे वागलात, हे मुलांना विचारतात. म्हणजे रात्री जागून बाबांनी केलेला रोबो शर्यत कदाचित जिंकेल, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला मात्र मूलच लागतं.

डाकारपासून खैराटपर्यंत

पॅपर्ट श्रीमंतांच्या शाळांत रमणारे नव्हते. १९८२च्या सुमारास ते पॅरिसच्या एका प्रकल्पातून सेनेगलमध्ये, डाकारच्या मुलांपर्यंत कॉम्प्युटर नेत होते. नव्वदीच्या अखेरीस ते मेन राज्यात गेले, तेव्हा कोणती शाळा निवडली? बालगुन्हेगारांच्या सुधारगृहातली. शाळेने टाकून दिलेल्या त्या मुलांना त्यांनी लेगो, लाकूडकाम, कॉम्प्युटर आणि भरपूर वेळ दिला. २००२मध्ये मेन राज्याने सातवीच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायला सुरुवात केली, त्यामागेही त्यांचा मोठा हात होता.

२००५मध्ये निकोलस नेग्रोपाँटे यांच्याबरोबर 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना आली. आपल्याला जवळची गोष्ट ही, की भारतातला तिचा पहिला प्रयोग २००७मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावी झाला. एका खोलीची शाळा, एक शिक्षक, पहिली ते चौथीची मिळून वीसेक मुलं. लेक्सिंग्टनमध्ये सुरू झालेला विचार चाळीस वर्षांनी आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन पोचला.

पण इथेही दुसरी बाजू आहे. याच योजनेत पेरू देशाने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. तिथल्या खेड्यातल्या शाळांचा मोठा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. यंत्र पोचलं, ते वापरायला बरोबर बसणारं माणूस पोचलं नाही.

डिसेंबर २००६. पॅपर्ट गणितशिक्षणाच्या परिषदेसाठी व्हिएतनाममध्ये, हनोईत होते. तिथली वाहतूक, हजारो मोटरसायकली, आणि तरी त्यातून वाट निघते, याचं गणिती मॉडेल कसं करावं याची चर्चा त्यांनी सहकाऱ्याशी केली होती. तिथेच रस्ता ओलांडताना एका मोटरसायकलची धडक बसली. मेंदूला गंभीर इजा झाली. त्यातून वाचले, पण पूर्वीसारखं काम पुन्हा झालं नाही. ३१ जुलै २०१६ रोजी मेनमध्ये ते गेले. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७मध्ये स्क्रॅच जगासमोर आणली होती. तुमच्या मुलाने स्क्रॅचमधली मांजर हलवली असेल, तर ते कासवाचं नातवंड आहे.

मग आपण काय करायचं?

क्लास बंद करा, असं मी म्हणणार नाही. आपण नोकऱ्या करतो, शनिवारचे दोन तास सगळ्यांनाच लागतात. फक्त व्हाउचरवरचं कारण वाचून काही गोष्टी कराव्यात.

क्लास निवडताना एक प्रश्न विचारा: मुलाचा प्रोग्राम चालला नाही तर तुम्ही काय करता? "आम्ही लगेच दुरुस्त करून देतो" हे उत्तर आलं तर पुढचा क्लास बघा.

मूल घरी आल्यावर "आज काय शिकलास?" किंवा "किती मार्क?" याऐवजी "आज कुठे अडलं होतं?" असं विचारून बघा. आणि ते मराठीत विचारा. उत्तर अर्धं इंग्रजीत आलं तरी चालेल, पण अडचण मराठीत समजावून सांगायची सवय लागली तर मराठीलाही खरं काम मिळतं. नुसती सणासुदीची भाषा कोण किती दिवस बोलेल?

आणि मुलाला एकट्याला स्क्रीनसमोर बसवू नका. पॅपर्ट यांना ब्राझीलच्या सांबा पथकांचं फार कौतुक होतं. कार्निव्हलच्या तयारीला तिथे लहान-मोठे, नवखे-मुरलेले सगळे एकत्र येतात, आणि कोणी वर्ग न घेता सगळे शिकतात. आपण तर हे ओळखतोच. आपलं ढोल-ताशा पथक काय वेगळं आहे? सराव सुरू झाला की बारा वर्षांची मुलगी, तिचा आयटीतला काका आणि इथे आलेले आजोबा एकाच तालात उभे राहतात. हात दुखतात, फोड येतात, तरी कोणाला सरावाला ढकलावं लागत नाही. पॅपर्ट म्हणायचे, मुलांना सोपं नको असतं. अवघड चालतं, पण आपलं वाटायला हवं.

आमच्या मंडळात या गणपतीला मी एक सुचवलंय. सजावटीत एक कोपरा मुलांचा. स्वतः हलणारा उंदीरमामा त्यांनीच बनवायचा, ज्याला जे येतं ते. मोठ्यांनी बरोबर बसायचं, पण हात खिशात ठेवून. आरतीच्या वेळी तो उंदीर मोदकाऐवजी समईकडे निघाला तर हसायचं, आणि मग मुलांनीच शोधायचं, वळण किती अंशांनी चुकलं.

तुमच्या गावात, तुमच्या मंडळात असं काही होतं का? दुबई, लंडन, सिंगापूर, न्यू जर्सी, कुठेही. आणि तुमच्या मुलाचा 'गिअर' कुठला आहे? लिहा जरूर, वाचायला आवडेल.